काटा थांबेपर्यंत

दादाच्या लेकीचे पुढचे दोन दात एकाच दिवशी पडले, एक सकाळी पावाच्या तुकड्यात आणि दुसरा दुपारी शाळेच्या पायरीवर, ते वर्ष. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दात पडले त्याच्या तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात दाढी करताना बाबांना झटका आला. धाकटीनं दार ढकललं तेव्हा ते बेसिनला धरून खाली बसले होते, एक गाल गुळगुळीत आणि एका गालावर साबण. रुग्णवाहिका येईपर्यंत तो साबण वाळून त्याची खपली झाली. ती पुसायची राहिली. त्या दिवसातलं एवढंच धाकटीला नंतर आठवायचं.

दोन महिन्यांनी बाबा घरी आले ते उजवं अंग आणि बोलणं दवाखान्यात ठेवूनच.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी मुलगी. वय छत्तीस. लग्न केलं नव्हतं, आणि आता कुणी विचारतही नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली होती. ती बाबांबरोबर त्या दोन खोल्यांत राहायची. दादा, वहिनी आणि त्यांची लेक दोन गल्ल्या सोडून. दादा शाळेची बस चालवायचा. सकाळची फेरी झाली की दुपारच्या फेरीपर्यंत मधला वेळ तो इकडे यायचा, बाबांना उचलून खुर्चीत बसवायचा, अंघोळ घालायचा, परत पलंगावर ठेवायचा. बस चालवून त्याची पाठ आधीच कामातून गेली होती. बाबांना ठेवून झाल्यावर तो भिंतीला टेकून डोळे मिटून उभा राहायचा आणि म्हणायचा, काही नाही, जरा वारा खातोय. त्या खोलीत वारा यायला खिडकी एकच होती आणि ती त्याच्या समोरच्या भिंतीला होती.

बाबांचा धंदा वजनकाट्यांचा. दुकानातले, गोदामातले, टपालातले, दवाखान्यातले काटे दुरुस्त करायचे, वजनं लावून तपासायचे, मोहोर ठोकायची. चाळीस वर्षं केलं. त्यांची लाकडी पेटी अजून कपाटावर होती. आत जाड लोकरी कापडाच्या खाचांत पितळी वजनं ओळीनं निजलेली. त्या वजनांना उघडा हात लावायचा नाही हा घरातला कायदा होता. हाताच्या घामानंही वजन वाढतं, असं ते म्हणत. आणि दुसरा कायदा, काटा थांबल्याशिवाय आकडा वाचायचा नाही. दुकानदार घाईत असतो, काटा हलत असतानाच आकडा सांगून टाकतो, मग कधी गिऱ्हाईक फसतं, कधी तो स्वतः. बाबांनी हा कायदा दुकानांपुरता ठेवला नव्हता. दादा लहानपणी धापा टाकत कुणाची चहाडी सांगायला आला, की बाबा हातातला स्क्रू फिरवत म्हणायचे, "काटा थांबू दे, मग सांग." काटा थांबेपर्यंत दादा बहुतेक वेळा चहाडी विसरलेला असायचा.

आता तोच माणूस पलंगावर पडून छताकडे बघत होता आणि त्याला काय कळतं, काय नाही, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

दवाखान्यानं सांगितलं होतं की एक वही ठेवा. वहिनीनं पलंगाच्या लोखंडी गजाला दोरीनं वही बांधली. तीन रकाने पाडले, वेळ, काय विचारलं, काय उत्तर आलं. पाणी हवं का, उत्तर नाही. कूस बदलू का, उत्तर नाही. दुखतंय का, उत्तर नाही. तीन माणसांच्या तीन अक्षरांत पानंच्या पानं तेच. वहिनी हुशार, तिनं पुढं पुढं नुसतं 'उ. ना.' लिहायला सुरुवात केली.

गुरुवारी डॉक्टरीणबाई यायच्या होत्या. त्यांच्या एका सहीवर सगळं अडलं होतं. गावाबाहेरच्या संस्थेत दादानं बाबांसाठी जागा बघून ठेवली होती. त्या संस्थेच्या इमारती दोन. पुढच्या इमारतीत समज शाबूत असलेली माणसं, त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, व्यायाम होतो, खिडकीतून रस्ता दिसतो. मागच्या इमारतीत ज्यांना काही कळत नाही ती. एका खोलीत सहा पलंग, दिवसातून चार वेळा कूस बदलतात, बोलायला कुणी जात नाही, कारण बोलून काय करायचं. डॉक्टरीणबाईंनी समज नाही असं लिहिलं, तर मागची इमारत. समज आहे असं लिहिलं, तर बाबांना विचारल्याशिवाय कुणाला काही ठरवता येणार नव्हतं. आणि विचारलं तर बाबा घरातच राहायचं म्हणतील, याबद्दल धाकटीला तिळमात्र शंका नव्हती. पण वहीत होतं उ. ना., उ. ना., उ. ना.

दादाशी तिनं एकदाच वाद घातला. दादा म्हणाला की तू दिवसभर त्या कॉम्प्युटरच्या मशिनीत डोकं घालून बसतेस, उचलावं मला लागतं. ते खरं होतं, म्हणून वाद तिथंच संपला.

आई गेल्यापासून तिचं तसंही काहीतरी झालं होतं. दाढ काढताना भूल देतात, मग जीभ गालाला लागते पण गाल आपला वाटत नाही, तसं. रडू येत नव्हतं. चार लोक हसले की तीही हसायची, पण मागाहून, बस सुटल्यावर थांब्यावर पोचणाऱ्या माणसासारखी. बाबांना झटका आल्यावर लोकांनी तिचं कौतुक केलं, किती धीराची मुलगी. धीर नव्हता. काही नव्हतंच.

मशीन मात्र चालू होतं. तिनं आपलं टेबल बाबांच्या खोलीत खिडकीशी आणून ठेवलं होतं आणि ऑफिसचं काम ती तिथूनच करायची. काम असं: एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं जातं, त्याचा निकाल वॉर्डातल्या नर्सच्या पडद्यावर पोचला पाहिजे. निकालाची चिठ्ठी प्रयोगशाळा एका रांगेत टाकते. रांग सांभाळायला एक सर्व्हर असतो, त्याला ऑफिसात कारकून म्हणत. आणि रांगेतली चिठ्ठी उचलून वॉर्डात नेऊन देणारा जो प्रोग्राम, तो धाकटीनं लिहिला होता. त्याचं नाव पडलं होतं उचल्या. नाव ठेवताना सगळे हसले होते. प्रयोगशाळेतल्या बाई मात्र हल्ली हसत नव्हत्या. त्यांचा फोन आला की त्या सुरुवातच करायच्या, तुमच्या उचल्यानं आज परत हात मारला.

कारण महिनाभर चिठ्ठ्या गहाळ होत होत्या. कायमच्या नाही, अर्धा तास. निकाल प्रयोगशाळेतून निघालेला, वॉर्डात पोचलेला नाही, आणि बरोबर अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशा थाटात हजर. तेवढ्यात नर्सनं वाट बघून कंटाळून रोग्याला दुसऱ्यांदा टोचलेलं असायचं. गंमत अशी की गर्दीच्या वेळी काही बिघडत नव्हतं. सकाळी नऊला चिठ्ठ्यांचा पूर यायचा आणि उचल्या एकूण एक पोचवायचा. दुपारी दोननंतर सामसूम झाली, मिनिटाला एखादी चिठ्ठी यायला लागली, की घोळ.

अर्ध्या तासाचं कोडं नव्हतं. कारकुनाचा नियमच तसा होता. चिठ्ठी एकाच्या हातात दिली की तो ती बाजूला झाकून ठेवायचा आणि पोच येण्याची वाट बघायचा. अर्ध्या तासात पोच आली नाही, तर नेणारा मेला असं समजून चिठ्ठी परत रांगेत. म्हणजे कारकून चिठ्ठ्या देत होता. कुणाला देत होता, हे कळत नव्हतं. उचल्याच्या नोंदवहीत तर दुपारभर एकच ओळ होती, धाकटीनंच कधीकाळी लिहून ठेवलेली: 'काही आलं नाही.'

तिच्या वरच्या साहेबांना सगळे लवकरसाहेब म्हणायचे, कारण त्यांचं कुठलंही वाक्य त्या शब्दाशिवाय संपत नसे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशातली गत. त्यांनी फोनवर ऐकून घेतलं, म्हणजे अर्धं ऐकलं, आणि निकाल दिला. उचल्या कारकुनाला फोन लावून दहा सेकंद थांबतो, हे फार झालं. तीन कर. तीन सेकंदांत काही मिळालं नाही तर फोन ठेव, परत लाव, परत विचार. जास्त वेळा विचारलं की उत्तर लवकर मिळतं.

धाकटीनं सोमवारी दहाचे तीन केले. सोमवारी दुपारी निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या गायब झाल्या. प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला, त्यांनी नुसता उसासा टाकला आणि ठेवला.

मंगळवारी दुपारी दोन वाजता तिनं तिनाचे परत दहा केले आणि पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे कारकून काय म्हणतो, उजवीकडे उचल्या काय म्हणतो. आजवर ती एकेकाचं वेगवेगळं वाचत आली होती. तिनं एक खोटी चिठ्ठी तयार करून ठेवली, उचल्याला सोडलं आणि तोंडानं पुटपुटत सेकंद मोजायला लागली. दहा झाले. उचल्यानं लिहिलं, काही आलं नाही, आणि फोन ठेवून नवा लावला. चौदाव्या सेकंदाला तिनं चिठ्ठी रांगेत टाकली. कारकुनानं लिहिलं, दिली. उजवीकडे काही नाही. उचल्या हात पसरून उभाच.

तिनं कारकुनाचे नियम काढून नीट वाचले, आणि बोट एका ओळीवर ठेवून ती थांबली. रांगेत काही नसलं तर कारकून लगेच 'नाही' म्हणत नव्हता. विचारणाऱ्याला धरून ठेवून तो वीस सेकंद वाट बघायचा, आलं काही तर देऊ, नाहीतर वीस झाल्यावर 'रिकामं आहे' असं रीतसर सांगू. उचल्या मात्र दहालाच उठून जात होता. तो गेला हे कारकुनाला कळत नव्हतं. कारकुनाच्या लेखी पहिला माणूस खिडकीशी उभाच होता आणि आलेली चिठ्ठी तो आधी आलेल्याच्याच हातात ठेवायचा. हात नव्हताच तिथे. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. लवकरसाहेबांच्या तीन सेकंदांनी तर एका जिवंत उचल्यापुढं सहा मेलेले उचले उभे केले होते. आणि गर्दीच्या वेळी चिठ्ठी पहिल्याच सेकंदाला मिळत असल्यामुळे ही खोट कधी उघडी पडली नव्हती.

कारकुनानं 'रिकामं आहे' म्हणणं वेगळं आणि उचल्यानं कंटाळून उठून जाणं वेगळं. तिनं दोन्हींची नोंद एकाच ओळीत केली होती. चूक तिची होती. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिनं गालावरून हात फिरवला आणि दहाच्या जागी पंचवीस लिहिलं. ऐकणाऱ्यानं, बोलणाऱ्याला लागतो त्यापेक्षा थोडा जास्तच वेळ थांबायला हवं, एवढंच त्याचं सार.

उचल्याला पुन्हा सोडण्याआधी तिनं सवयीनं मागं न बघता विचारलं, "बाबा, पाणी हवं?" आणि उचल्याला सोडून ती पडद्याकडे बघत मोजायला लागली. या वेळी चिठ्ठी टाकायची नव्हती. विसाव्या सेकंदाला कारकून 'रिकामं आहे' म्हणतो का, तेवढंच बघायचं होतं. बारा, तेरा, चौदा. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. सोळा, सतरा.

मागून आवाज आला, "नको."

तिला वाटलं शेजारच्या घरातला. विसावर कारकुनानं 'रिकामं आहे' म्हटलं, ते तिनं पाहिलं, आणि मग ती वळली. बाबा तिच्याकडे बघत होते. ती खुर्ची सरकवून पलंगाशी गेली आणि एका दमात विचारती झाली, की तुम्ही बोललात का, पाणी नको का, मी कोण ते कळतंय का, बाबा, ऐकताय ना. बाबांचे ओठ हलले, थांबले. परत हलले, परत थांबले. प्रत्येक नव्या प्रश्नाला कपाळावर तीच आठी पडत होती. काटा हलायला लागला की कुणीतरी ताटलीत आणखी एक वजन टाकत होतं.

तिनं तोंड मिटलं. वही गजावर लोंबकळत होती, ती उघडली. दोन महिन्यांची पानं. ती स्वतः विचारायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. वहिनी विचारायची आणि गॅस बघायला जायची. दादा तर विचारता विचारताच त्यांना उचलायचा. दहा सेकंद कुणी थांबलं नव्हतं. बाबा रिकाम्या खुर्चीला, मिटलेल्या दाराला, माणूस निघून गेलेल्या जागेला उत्तरं देत आले होते, की मध्येच देणं सोडून दिलं होतं, हे आता कुणाला विचारणार.

तिनं मनगटावरचं घड्याळ काढून पांघरुणावर ठेवलं. एकच विचारलं, खिडकीचा पडदा लावू का. आणि बसली. पाच सेकंद फार मोठे असतात. दहाला वाटतं की संपलं, आता काही नाही. अठराव्याला बाबा म्हणाले, "असू दे." शब्द जड होता, अर्धा गालात राहिला, पण असू दे असंच होतं.

आनंद व्हायला हवा होता. जीभ गालाला लागली, गाल आपला नव्हता. तिनं पडदा असू दिला. वहीत वेळ लिहिली, प्रश्न लिहिला, उत्तर लिहिलं, आणि पुढं चौथा रकाना पाडून त्यात अठरा लिहिलं. मग टेबलाशी जाऊन लवकरसाहेबांना कळवलं की दहाचे पंचवीस केले आहेत. त्यांचा फोन आलाच. जास्त थांबल्यानं लवकर कसं होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. तिनं तासाभरातल्या चिठ्ठ्या दाखवल्या, एकही हरवली नव्हती. साहेब म्हणाले की बरं, मग सगळ्या वॉर्डांत टाक, लवकर.

बुधवारी मधल्या वेळात दादा आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. तुला भास होतात, म्हणाला, एकटी असतेस दिवसभर. ती म्हणाली, विचारून बघ आणि पंचवीस मोज. त्यानं विचारलं आणि मोजले. दादाचे पंचवीस म्हणजे जगाचे अकरा. बघ, नाही बोलले, असं तो म्हणत असतानाच बाबांचे ओठ हलायला लागले होते, ते त्याच्या बोलण्यानं थांबले. तिनं त्याच्या हातात घड्याळ दिलं. दुसऱ्या खेपेला आठव्या सेकंदाला त्यानं बाबा बाबा म्हणून हाक मारली. तिसऱ्या खेपेला तिनं त्याच्या तोंडावर चक्क हात ठेवला, लहानपणी चोर-शिपाई खेळताना ठेवायची तसा.

दादानं विचारलं होतं, मी कोण.

विसाव्या सेकंदाला बाबा म्हणाले, "ड्रायव्हर."

दादाला कळेना की हा आजार बोलतोय की बाप. पोरगं शिकलं नाही आणि बसवर चढलं, तेव्हापासून बाबा त्याला चिडवायला घरात तसंच बोलवायचे. या ड्रायव्हर, जेवायला बसा. दादानं बाबांच्या डोळ्यांकडे बघितलं. एका बाजूचा ओठ वर गेला होता; दुसरी बाजू जात नव्हती. दादा भिंतीला टेकला. बराच वेळ वारा खात राहिला.

गुरुवारी अकराला डॉक्टरीणबाई आल्या. नीटनेटक्या, थकलेल्या, हातात फॉर्म. त्यांनी आधी वही चाळली, उ. ना. म्हणजे काय ते विचारून घेतलं, आणि मान हलवली. मग पलंगाशी बसून मोठ्यानं विचारलं, "तुमचं नाव काय?" फॉर्मवर बघत थोड्या थांबल्या, एक फुली मारली. खिशातून पेन काढून बाबांसमोर धरलं. "हे काय आहे?"

बाबांनी पेनकडे बघून आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट.

डॉक्टरीणबाईंनी दुसरी फुली मारली. धाकटीला हे चित्र पाठ होतं. उशिरा आलेली चिठ्ठी भलत्याच्या हातात पडली होती. तिनं सांगितलं की ते पेनचं उत्तर नाही, तुमच्या आधीच्या प्रश्नाचं आहे. त्यांना उत्तर द्यायला अठरा-वीस सेकंद लागतात. तुम्ही सहा थांबलात. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. फॉर्म तिच्यापुढं धरून म्हणाल्या की इथे छापलंय बघा, पाच सेकंदांत उत्तर न आल्यास नाही असे लिहावे, फॉर्म मी केलेला नाही. आज मला अजून सात घरं आहेत.

धाकटीला एरवी वाद जमत नसे. तिनं कपाटावरची पेटी खाली काढली, उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "यांनी चाळीस वर्षं काटे तपासले. काटा हलत असताना कुणी आकडा वाचला, तर हे मोहोर मारत नसत. तुम्ही सही करणार आहात. काटा थांबू द्या."

डॉक्टरीणबाईंनी एक पितळी वजन उचलायला हात घातला. दादा आणि धाकटी दोघंही एकदम म्हणाले, हात नको लावू. मग दादानं घाईघाईनं 'लावू नका' असं केलं. बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी पेटी मिटली, पेन परत वर धरलं, विचारलं, आणि फॉर्म उलटा ठेवून थांबल्या. खोलीत चौघंजण काही न बोलता बसले होते. असं त्या खोलीत दोन महिन्यांत झालं नव्हतं.

"पेन," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, "झाकण नाही." खरंच नव्हतं.

पुढचं सगळं नीट झालं. दिवस विचारला, तो बरोबर. मुलं किती, ते बरोबर. बायको कुठंय, याला पंचवीसच्याही वर लागले, आणि बाबा म्हणाले, "गेली." डॉक्टरीणबाईंनी फुल्या खोडल्या आणि समज आहे असं लिहिलं. सही करण्याआधी शेवटचा प्रश्न होता, तो त्यांनी फॉर्ममध्ये न बघता विचारला. "तुम्हाला कुठं राहायचंय? इथं घरी, की संस्थेत?"

धाकटी मोजत होती. दादाही मोजत होता, या खेपेला हळू. चौदा, पंधरा. तिला उत्तर ठाऊक होतं. एकोणीस, वीस.

"जातो," बाबा म्हणाले. "तिकडे."

तिला वाटलं, हेही मागच्या कुठल्यातरी प्रश्नाचं असेल. पण मागचा कुठला प्रश्न उरलेला नव्हता. दादानंच विचारलं, का. आणि विचारून तो गप्प उभा राहिला, पंचवीस सेकंद, हात मागे कमरेवर ठेवून, जसा हल्ली नेहमी ठेवायचा.

"पाठ," बाबा म्हणाले.

दादा स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. भांडं एकही घासायचं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सही केली, आणि जाताना दाराशी धाकटीला म्हणाल्या की पुढच्या घरी थांबून बघते. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही आणि हरल्यासारखंही नाही. बाबांना घरी ठेवायला ती भांडली होती, आणि ऐकायला मिळालं ते हे. पण ऐकायला मिळालं होतं.

बाबा पुढच्या इमारतीत गेले. दुसरा मजला, खिडकीतून रस्ता दिसायचा, आणि तीन वाजता दादाची बस. धाकटीनं पलंगाच्या उशाशी स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली: एकच विचारा. पंचवीस मोजा. मध्ये दुसरं विचारू नका. तिथल्या नर्सना सुरुवातीला हसू आलं, मग सवय झाली. एक तर म्हणाली की ही पाटी माझ्या घरीही हवी. बाबा पुढं दोन-दोन, तीन-तीन शब्द जोडून बोलायला लागले. अठराचे कधी चौदा झाले, कधी तीस. उचल्यानं त्यानंतर एकही चिठ्ठी हरवली नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंचे फोन बंद झाले, आणि धाकटीला कधीकधी दुपारी दोनला उगाच चुकल्यासारखं व्हायचं.

रोज सकाळची फेरी संपवून दादा संस्थेत जायचा. उचलायचं काम आता त्याला नव्हतं, म्हणून त्यानं दाढीचं काम स्वतःकडे घेतलं होतं. नर्स करतात तर करू दे की, असं वहिनी म्हणायची. तो म्हणायचा, त्या घाई करतात.

एका बुधवारी त्याचा फोन आला तेव्हा धाकटी टेबलाशी होती. बाबांचा पलंग आता त्या खोलीत नव्हता, पण गजाच्या जागी भिंतीवर घासल्याची रेघ होती, तिकडे बघत तिनं फोन घेतला. दादा काही बोलला नाही. तीही बोलली नाही. त्या घरात आता सगळ्यांना थांबता येत होतं.

मग तो म्हणाला, "मी एक बाजू केली. विचारलं, दुसरी करू का. पंचवीस मोजले गं. हळू मोजले. मग शंभरपर्यंत मोजले."

ती म्हणाली, "साबण पुसलास?"

"पुसला," दादा म्हणाला. "दुसरी बाजूही केली."

तिनं फोन ठेवला आणि गालाला हात लावला.

बाबा गेले ते दादाच्या लेकीचा पुढचा दुसरा दात पुरता वर आला त्या आठवड्यात, बुधवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास.